मुठेल, कोकमाच्या सालीचा अर्क आणि उंडीचे तेल: प्रयोगशाळेतून नेमके काय तपासून घ्यावे?

प्रश्न (महिला बचतगट, वेंगुर्ले परिसर)

सर्व जाणकारांना सप्रेम नमस्कार. आमचा बचतगट रातांब्यापासून, म्हणजे कोकमाच्या फळापासून, आगळ, आमसुले (सुकवलेली साल) आणि सरबत तयार करून विकतो. बिया पूर्वी आम्ही व्यापाऱ्याला किलोच्या भावाने देऊन टाकत असू. आता त्या फोडून, आतला गर कुटून, पाण्यात उकळून वर येणारे मुठेल (बियांतला घट्ट मेद) आम्ही स्वतः काढतो. या मुठेलापासून ओठांसाठी आणि टाचांच्या भेगांसाठी मलम करावे, आणि कोकमाच्या सालीचा अर्क घालून चेहऱ्याला लावण्याचे क्रीम करावे, असा गटाचा विचार आहे. किनाऱ्यालगत उंडीची झाडे पुष्कळ असल्यामुळे तिचे तेलही वापरता येईल, असे काही जणींचे म्हणणे आहे.

गटातील एका सदस्येची मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत आमच्याच आमसुलांचा मिथेनॉलमध्ये, सॉक्सलेट उपकरणाने अर्क काढून त्याची प्राथमिक तपासणी करण्यात आली. अहवालात तीन गोष्टी नमूद आहेत. डीपीपीएच चाचणीत अर्काने ८५ टक्के प्रतिऑक्सीकारक क्रिया दाखवली, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूविरुद्ध १६ मिलिमीटरचे रोधवलय (जिथे जिवाणू वाढले नाहीत ते वर्तुळ) मिळाले आणि त्वचेचा रंग घडवणाऱ्या टायरोसिनेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया अर्काने मंदावली. हा अहवाल वाचून एका सल्लागारांनी वेष्टनावर ‘जंतुनाशक’, ‘वयाच्या खुणा रोखणारे’ आणि ‘त्वचा उजळवणारे’ असे शब्द छापण्याचा आग्रह धरला आहे. मुलीच्या शिक्षिकांनी मात्र एवढ्या तपासणीवरून असे काही छापू नये, असे स्पष्ट सांगितले.

आमच्याकडे तपासणीसाठी फार मोठी रक्कम नाही, आणि जी आहे ती गटातील बायकांच्या बचतीची आहे. म्हणून विचारते की, या अहवालाचा खरा अर्थ काय, कोणत्या चाचण्या आधी करून घ्याव्यात, कोणत्या पुढे ढकलल्या तरी चालतील, आणि माणसांच्या अंगाला लागणारा पदार्थ सुरक्षित आहे हे आम्ही कशाच्या आधारावर म्हणावे? कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर (विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, रत्नागिरी)

ताई, आपल्या हाती आलेला अहवाल खोटा नाही. परंतु तो ज्या पदार्थाविषयी आहे तो पदार्थ आपण विकणार नाही, ही त्यातील मुख्य अडचण आहे. महाविद्यालयात तपासला गेला तो आमसुलांचा मिथेनॉलमधील अर्क. मिथेनॉल सुमारे ६५ अंश सेल्सिअसला उकळते आणि सॉक्सलेट उपकरणात अर्क तासन्‌तास उकळत्या द्रावकात राहतो. क्रीममध्ये मात्र आपल्याला मिथेनॉल चालणार नाही, कारण ते विषारी आहे; औषधांतसुद्धा त्याचा शिल्लक अंश ३००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३००० भागांच्या) वर असू नये अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे. म्हणजे आपण पाण्यातला, किंवा पाणी आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणातला अर्क वापरणार, आणि त्यात उतरणारे घटक वेगळे असणार.

कोकमाच्या सालीपुरते हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे बरेच निर्णय यावरच अवलंबून आहेत. सालीचा लाल रंग अँथोसायनिन वर्गातील, मुख्यतः सायनिडिनच्या ग्लायकोसाइडांचा असतो. आंबटपणा प्रामुख्याने हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा. हे दोन्ही पाण्यात सहज उतरतात. तिसरा घटक गार्सिनॉल. तो पिवळा, मेदात विरघळणारा असून पाण्यात जवळजवळ येतच नाही. कोकमाविषयी इंटरनेटवर जे शोधनिबंध सापडतात त्यांतील पुष्कळ या गार्सिनॉलवर आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष पाण्यातल्या अर्काला लावणे चूक ठरेल. मुठेलाला तर सालीविषयीचे निष्कर्ष लावताच येणार नाहीत, कारण मुठेल बियांतून येते आणि सालीतले लाल रंगद्रव्य किंवा आम्ल त्यात नसते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, जी वस्तू बाटलीत किंवा डबीत भरली जाणार आहे, त्याच पद्धतीने काढलेला तोच अर्क आणि तेच मुठेल तपासणीला द्यावे.

आता ८५ टक्क्यांविषयी. डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे रसायन आहे. प्रतिऑक्सीकारक पदार्थ मिळाला की त्याचा जांभळा रंग उतरून ते पिवळसर होते आणि ही घट ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. अर्काची संहती किती होती, हे न सांगता नुसते ‘८५ टक्के’ म्हणण्याला अर्थ नाही. पुरेसा दाट केला तर घरचा कोरा चहासुद्धा तितकाच आकडा देईल. विचारायचे असते ते हे की, निम्मा रंग उतरवण्यासाठी किती अर्क लागला, आणि त्याच दिवशी, त्याच परिस्थितीत ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) किती लागले. कोकमाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी अनेक प्रकल्प अहवालांत दुर्लक्षिली जाते. आम्लधर्मी द्रावणात कोकमाचे लाल रंगद्रव्य स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणजे जिथे आपण डीपीपीएच मोजतो जवळजवळ तिथेच. त्यामुळे डीपीपीएच न घातलेल्या अर्काचे वाचन वेगळे घेऊन वजा केले नसेल तर आकडा विश्वासार्ह राहत नाही. एकूण फिनॉल मोजणारी फोलिन-सिओकाल्टो चाचणीही अशीच ढोबळ आहे, कारण तिच्यात फिनॉलांखेरीज इतर क्षपणकारक पदार्थही मोजले जातात. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. दोन बॅचेसची आपसात तुलना करायला त्या स्वस्त आणि चांगल्या आहेत. परंतु त्यांवरून चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांविषयी काहीही म्हणता येत नाही.

आपल्या जागी मी असतो तर पैसे आधी ओळख आणि शुद्धता यांवर खर्च केले असते. वनस्पतीची ओळख पटवणे आपल्याला अनावश्यक वाटेल, कारण रातांबा आपण लहानपणापासून ओळखतो. पण पुढे बाहेरून साल विकत घ्यावी लागली तर तिच्यात गार्सिनिया गमी-गट्टा या जवळच्या जातीची सुकी साल मिसळलेली असू शकते आणि नुसत्या नजरेने ती प्रत्येक वेळी ओळखू येत नाही. फांदी, पाने आणि फळ यांसह नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेकडे देऊन ओळखपत्र घेता येते. त्यानंतर अर्काची एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) करून हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आणि अँथोसायनिने यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि आपल्याकडची बहुतेक झाडे बियांपासून उगवलेली असल्यामुळे एका परसातल्या फळाचे गुण दुसऱ्या परसातल्या फळात जसेच्या तसे मिळत नाहीत. ‘कोकण अमृता’सारख्या कलमी जातीच्या बागेतून फळ घेतले तर हा फरक कमी होतो. प्रमाण मोजल्याशिवाय यंदाचा अर्क आणि पुढच्या वर्षीचा अर्क एकच आहेत असे आपण म्हणू शकणार नाही.

मुठेलाच्या चाचण्या तुलनेने सोप्या आणि कमी खर्चाच्या आहेत. आम्लांक, पेरॉक्साइड मूल्य, आयोडीन मूल्य, साबणीकरण मूल्य आणि पाण्याचा अंश या पाच गोष्टी प्रत्येक मोठ्या बॅचला कराव्यात. वळवाच्या पावसात भिजलेल्या किंवा ओलसर जागी साठवलेल्या बियांतून काढलेल्या मुठेलाचा आम्लांक चढतो आणि त्याला कुबट वासही लवकर येतो. याशिवाय वर्षातून एकदा गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्लांची तपासणी करून घ्यावी. अस्सल मुठेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि ओलेइक आम्ल साधारण ३५ ते ४० टक्के असते, तर पामिटिक आम्ल अगदी थोडे. तक्त्यात पामिटिक आम्ल वाढलेले दिसले की पामतेलापासून केलेला घट्ट मेद मिसळला आहे असे समजावे. सालबियांचा मेद मिसळलेला असेल तर ॲराकिडिक आम्ल वाढते. आपण स्वतः मुठेल काढता म्हणून भेसळीची भीती नाही. पण मोठा ग्राहक हा कागद मागतोच, आणि तो दाखवता आला तर भावही चांगला मिळतो.

जड धातूंची तपासणी मात्र टाळू नये. सौंदर्यप्रसाधनांच्या भारतीय मानकांत शिशासाठी २० आणि आर्सेनिकसाठी २ पीपीएम ही मर्यादा दिसते. आयुर्वेदिक वनस्पती-औषधांना लागू असलेल्या मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारा १ पीपीएम अशा आहेत.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका, चिपळूण)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला १६ मिलिमीटरच्या रोधवलयाविषयी लिहावेसे वाटते, कारण पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा आकडा फार लवकर ‘जंतुनाशक गुणधर्म’ बनतो आणि पुढे तोच वेष्टनावर जाऊन बसतो.

आगर पट्टिकेवर पाडलेल्या छिद्रात अर्क घातला की तो जेलीतून पसरतो आणि जिथवर त्याचा प्रभाव राहतो तिथवर जिवाणू वाढत नाहीत. वलयाची रुंदी पदार्थ किती प्रभावी आहे यावर जशी ठरते, तशीच तो जेलीतून किती सहज पसरतो, किती थेंब घातले आणि जेलीची जाडी किती यांवरही ठरते. कोकमाचा अर्क अतिशय आंबट असतो, आणि जिवाणूंना इतका तीव्र आम्लपणा मुळातच मानवत नाही. तेवढ्याच सामूचे (आम्लता दाखवणाऱ्या पीएचचे) नुसते सायट्रिक आम्ल घातले असते तर किती वलय मिळाले असते, हे पाहिले होते का? अर्काचा सामू ७ पर्यंत आणून चाचणी पुन्हा केली होती का? आमसुलांना सुकवताना मीठ लावले असेल तर मिठाचा परिणामही वेगळा काढावा लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस बऱ्याच मिठात तग धरतो, पण इतर अनेक जिवाणू धरत नाहीत. अर्क ज्या द्रावकात विरघळवला त्याचे स्वतंत्र छिद्रही त्याच पट्टिकेवर असायला हवे. ही नियंत्रणे अहवालात नसतील तर त्या वलयाचे श्रेय कोकमाच्या कोणत्याही विशेष घटकाला देता येणार नाही.

त्याऐवजी वाढ रोखणारी किमान संहती काढावी. दाट अर्कापासून सुरुवात करून दरवेळी निम्मा पातळ करत जायचे आणि कोणत्या संहतीपर्यंत वाढ थांबते ते पाहायचे, अशी ही पद्धत आहे. कच्च्या वनस्पती-अर्काला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा अधिक संहती लागत असेल तर संशोधक त्याला सहसा उल्लेखनीय मानत नाहीत. मुठेल आणि उंडीचे तेल यांच्याविषयीही सावध राहावे, कारण तेल जेलीतून पसरतच नाही. तिथे वलय मिळाले नाही म्हणून तेल निष्प्रभ ठरत नाही, आणि मिळाले तर आधी त्यात मिसळलेल्या द्रावकाकडे पाहावे.

परंतु ताई, आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. आपला पदार्थ जंतू मारतो की नाही, त्यापेक्षा आपल्या पदार्थात जंतू वाढतात की नाही, हे आधी तपासले पाहिजे. मलम आणि क्रीम यांत या बाबतीत फार मोठा फरक आहे. मुठेल आणि मेण यांच्या मलमात पाणी जवळजवळ नसते, म्हणून त्यात जिवाणू वाढण्याची शक्यता कमी असते. अट एवढीच की मुठेल खरोखर कोरडे असावे. आपण ते उकळत्या पाण्यावरून काढता. गोळे वळताना आत पाण्याचे थेंब अडकले तर तिथून बुरशी धरते. हलक्या आचेवर पाणी पूर्ण उडवून, गाळून, कोरड्या भांड्यात भरावे.

क्रीममध्ये मात्र पाणी असते आणि वनस्पतीचा अर्क हे जिवाणूंचे अन्नही असते. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) न घातलेले असे क्रीम आपल्याकडच्या पावसाळी हवेत सुरक्षित राहील, ही आशा बाळगू नये. परिरक्षक पुरेसा आहे की नाही हे ठरवणारी एक प्रमाणित चाचणी आहे, जिच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा, ई. कोलाय, कँडिडा अल्बिकन्स आणि ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस हे सूक्ष्मजीव मुद्दाम तयार क्रीममध्ये सोडले जातात आणि २८ दिवस त्यांची संख्या कशी घटते ते पाहिले जाते. ही चाचणी महाग आहे, आणि ती तयार क्रीमच्या अंतिम सूत्रावरच करावी लागते. नंतर सुगंध बदलला किंवा अर्काचे प्रमाण वाढवले तर ती पुन्हा करावी लागते. विक्रीच्या प्रत्येक बॅचमध्ये एकूण सूक्ष्मजीवांची संख्या ग्रॅमला १००० च्या आत हवी आणि रोगकारक जिवाणू मुळीच नकोत. लहान मुलांसाठी किंवा डोळ्यांभोवती लावण्यासाठी काही करणार असाल तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही मर्यादा १०० वर येते.

हे सारे पाहता क्रीम या वर्षी बाजूला ठेवून दोन मलमांनी आरंभ करावा, असे मला वाटते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आमसुलांना आम्ही मीठ लावतोच, त्यामुळे वलयाविषयी आपण विचारलेले प्रश्न मुलीला आणि तिच्या शिक्षिकांना जसेच्या तसे पाठवले आहेत. क्रीमचा विचार गटाने तूर्त थांबवला आहे. दोन शंका राहतात. मलम आम्हीच गटातील बायकांच्या हातावर लावून पाहिले आणि कोणाला काही झाले नाही, तर ते सुरक्षित मानावे का? आणि उंडीचे तेल गावात खरजेवर आणि सांधेदुखीवर पूर्वापार लावले जाते. एवढा जुना अनुभव पुरेसा नाही का?

उत्तर (आयुर्वेद चिकित्सक, सावंतवाडी परिसर)

पूर्वापार अनुभवाला मी हलके मानत नाही. माझा व्यवसायच त्यावर उभा आहे. पण अनुभव ज्या रूपातील, ज्या मात्रेतील आणि ज्या वापरातील असतो, तेवढ्यालाच तो साक्ष देतो. टाचांच्या भेगांवर मुठेल पातळ करून लावणे हा कोकणातल्या घराघरातला वापर आहे आणि आपले मलम त्याच्या अगदी जवळचे आहे. कोकमाच्या सालीचा दाट अर्क रोज चेहऱ्यावर लावणे हा मात्र परंपरेतील वापर नाही. पोटात घेण्याच्या बाबतीतही हेच दिसते. सोलकढी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो, तरीही याच कुळातील गार्सिनिया कॅम्बोजियाच्या (वर आलेल्या गमी-गट्टाचेच दुसरे नाव) सालीचे, हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल एकवटलेले, वजन उतरवण्यासाठी विकले जाणारे अर्क घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. पदार्थाचे रूप पालटले की त्याच्या सुरक्षिततेचा विचार पहिल्यापासून करावा लागतो.

उंडीच्या तेलाबद्दल मला अधिक काळजी वाटते. न शुद्ध केलेले हे तेल हिरवट, उग्र वासाचे आणि राळयुक्त असते, आणि कुमारिन वर्गातील कॅलोफिलोलाइडसारखे घटक त्यात असतात. पूर्वी ते प्रामुख्याने दिव्यांत आणि होड्यांच्या लाकडाला वापरले जाई. खरजेवर लावत ते थोड्या जागेवर आणि थोडे दिवस. काही व्यक्तींना या तेलाची स्पर्शजन्य ॲलर्जी होते. ओठांच्या मलमात, जिथे पदार्थ दिवसभर लागतो आणि काही अंशी पोटातही जातो, तिथे ते घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टाचांच्या मलमात थोड्या प्रमाणात घालायचे असेल तर आधी त्वचेची चाचणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर त्यातच आहे. गटातील बायकांच्या हातावर काही झाले नाही, हे आश्वासक आहे, पण पुरेसे नाही. एक तर ॲलर्जी बहुधा पहिल्या स्पर्शात होत नाही. शरीर आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकते आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया देते, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या शांततेवरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसरे असे की वर्षानुवर्षे रातांबे फोडणारे हात शहरातल्या संवेदनशील त्वचेचे प्रतिनिधी नव्हेत. काजूचे दर हंगामात काम करणाऱ्या बायकांना कवचाच्या तेलाचा त्रास कसा होतो, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. एकीचे हात सोलून निघतात आणि शेजारी बसलेलीला काहीच होत नाही. भारतीय मानकात मानवी त्वचेवर पट्टी लावून तपासण्याची पद्धत दिलेली आहे, आणि ती त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, संमतिपत्र घेऊन व्हावी. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, हेही लक्षात ठेवावे. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींच्या थरावर दाह तपासण्याची मान्यताप्राप्त पद्धत उपलब्ध आहे.

बावचीसारखी वनस्पती पुढे कधी वापरायचा विचार आला तर आणखी एक गोष्ट. तिच्यातील सोरालेनमुळे त्वचा उन्हाला अतिसंवेदनशील होते आणि फोड येऊ शकतात. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात हे अजिबात परवडणारे नाही.

उत्तर (लघुउद्योजक, कुडाळ)

शास्त्र वरच्या मंडळींनी सांगितले आहेच. मी कागदपत्रांपुरते लिहितो. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचे तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा, उपकरणे आणि सक्षम तांत्रिक व्यक्ती या अटी बचतगटाला जड जातात. त्यावर एक कायदेशीर वाट अशी आहे की, आधीच परवाना असलेल्या कारखान्याच्या जागेत, ऋण परवान्यावर, आपले उत्पादन तयार करून घ्यावे. सुरुवातीला आम्ही हेच केले आणि त्यामुळे बॅचची नोंद कशी ठेवायची हे शिकायलाही मिळाले.

‘खरूज बरी करते’, ‘जंतुनाशक’ असे शब्द छापले की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरते, आणि मग परवाना वेगळा, पुरावा वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. ‘टाचांची त्वचा मऊ राखण्यास मदत करते’ एवढे लिहिले तरी ग्राहकाला पुरेसे कळते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण ते चिन्ह वेष्टनावर वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, नुसते गाव कोकणात असून भागत नाही.

प्रयोगशाळा निवडताना ‘एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त’ एवढी पाटी पाहून समाधान मानू नका. ती मान्यता चाचणीनिहाय असते. एखाद्या प्रयोगशाळेला पाण्याच्या तपासणीची मान्यता असेल आणि तेलातल्या जड धातूंची नसेल, असे होऊ शकते. मान्यतेची व्याप्ती संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याला हवी ती चाचणी आणि पदार्थाचा हवा तो प्रकार तिथे नोंदलेला आहे का, हे आधी तपासावे आणि नंतरच पैसे भरावेत.

उत्तर (विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, रत्नागिरी)

टायरोसिनेजविषयी माझ्याकडून लिहायचे राहिले होते. ही चाचणी सहसा अळिंबीपासून काढलेल्या विकरावर करतात आणि तो मानवी त्वचेतील विकरापेक्षा बराच वेगळा असतो. शिवाय त्याच्या केंद्रस्थानी तांबे असते आणि तो उदासीनतेच्या जवळच्या सामूवर उत्तम चालतो. कोकमाच्या अर्कातील आम्लाने सामू उतरला, किंवा आम्लाने तांबे बांधून ठेवले, तरी विकर मंदावतो आणि अर्कात जणू काही विशेष गुण आहे असे दिसते. हे विकर रोखणाऱ्या परिचित कोजिक आम्लाशी तुलना करून आणि सामू स्थिर ठेवून चाचणी पुन्हा केल्याशिवाय त्या निष्कर्षाला वजन नाही. ‘उजळवणारे’ हा शब्द वेष्टनावर मुळीच नको.

पेशींवरील विषारीपणा पाहायची वेळ आली, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून संशोधन संस्थांना पेशी मिळतात आणि एखादे महाविद्यालय सहकार्य करू शकेल. मात्र तिथे वापरली जाणारी एमटीटी चाचणी, जिच्यात जिवंत पेशी एमटीटी या रसायनाला जांभळे करतात, कोकमासारख्या फिनॉलयुक्त अर्काला फसते. असे अर्क पेशी नसतानाही त्या रसायनाला जांभळे करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्यासारख्या भासतात. पेशी नसलेल्या खळग्यांचे वाचन विद्यार्थिनीने आवर्जून घ्यावे.

मलमांच्या टिकाऊपणाची चाचणी देताना प्रयोगशाळेला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. वेगवर्धित चाचणी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेवर करतात, आणि मुठेल जवळपास त्याच तापमानाला वितळू लागते. मलम तिथे पातळ झाले म्हणजे ते बिघडले असे नव्हे. पण पुन्हा थिजताना त्यात रवाळपणा आला तर ग्राहक ते नाकारतो. मेणाचे प्रमाण थोडे वाढवणे आणि भरल्यानंतर मलम लवकर थंड करणे, हे दोन उपाय करून पाहावेत आणि एक संच साध्या खोलीच्या तापमानाला, पूर्ण पावसाळाभर ठेवून त्याचे पेरॉक्साइड मूल्य सुरुवातीला आणि शेवटी मोजावे.

नमुने पाठवताना गडद रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटल्या वापराव्यात, प्रत्येकीवर बॅच क्रमांक, बिया कुठल्या वाडीतल्या आणि मुठेल काढल्याची तारीख लिहावी, आणि त्याच बॅचचा एक सीलबंद नमुना गटाकडे थंड, अंधाऱ्या जागी राखून ठेवावा. अहवालाविषयी पुढे वाद उद्भवला तर तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. या हंगामातले पहिले मुठेल तयार झाले की आम्लांक आणि पाण्याचा अंश यांचे आकडे इथे लिहा. गॅस क्रोमॅटोग्राफीचा तक्ता आला तर तोही वाचून दाखवण्यास मी तयार आहे.